पालथं ठेवलेलं चित्र

अर्धं अंगण सारवून झालं होतं, अर्धं तसंच कोरडं पडलं होतं. शेणाची पाटी मधोमध ठेवून शालूबाई उठली, रांजणाजवळ हात धुतले आणि घरात आली. सारवता सारवताच तिला आठवलं होतं की रांगोळीचा ठिपक्यांचा कागद मागच्या दिवाळीतच फाटला, आणि उद्या तर महालक्ष्म्या यायच्या. अंगणात पंधरा ठिपक्यांची मोठी रांगोळी, दारापासून आतपर्यंत लक्ष्मीची पावलं, वर सोळा भाज्या निवडायच्या. एकेक ठिपका मोजत कोण बसणार?

हा कागद घरीच करतात. जाड कागदावर उभ्या-आडव्या रेघा आखायच्या, रेघ रेघेला जिथं कापते तिथं पेटत्या उदबत्तीचं टोक टेकवायचं. भोक पडतं, कडा जळून पक्की होते. कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी पसरून हात फिरवला की खाली नीट ठिपके उमटतात. पातळ कागद एका सणात जातो, जाड कागद चार-पाच वर्षं टिकतो. आणि शालूबाईच्या घराइतका जाड कागद तेव्हा सबंध जवळा बाजारात कुणाकडं नव्हता. हा १९९६ सालचा भादवा.

शालूबाईचे यजमान व्यंकटराव म्हणजे गावातले व्यंकट पेंटर. खताच्या दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. पण त्यांचा जीव होता तो दुसऱ्याच कामात. नांदेडचे शंकरसिंग ठाकूर नावाचे एक प्रकाशक मुलांसाठी साहसकथांची पुस्तकं काढत. जगातल्या जुन्या नावाजलेल्या कादंबऱ्या, शंभर-सव्वाशे पानांत आटोपशीर मराठीत. बुडालेली जहाजं, निर्मनुष्य बेटं, पुरून ठेवलेल्या पेट्या, भुयारं, फुग्यात बसून केलेला प्रवास. त्यातली चित्रं व्यंकटराव काढायचे. आतली काळ्या शाईत, वरचं एक रंगीत.

समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पावसाळ्यात सिद्धेश्वर धरणाची दारं उघडली की सायकल काढून जायचे आणि दिवसभर भिंतीवर बसून पाणी बघायचे. "लाट कशी फुटती ते कळलं की समुद्र आला," असं म्हणायचे. चेहरे मात्र गावातलेच. कापसाच्या बाजारातल्या रतनसिंग मापाड्याच्या मिशा कानापर्यंत गेलेल्या, तो एका पुस्तकात समुद्री चाच्यांचा म्होरक्या झाला. पुस्तक छापून आलं तेव्हा तरातरा घरी आला.

"पेंटर, माझा एक डोळा काहून झाकला?"

"चाच्याचा असतोच झाकलेला."

"मग दुसऱ्या कुणाचा झाकायचा! मापाडी मानूस मी. एका डोळ्यानं तोलतो म्हणून लोक आधीच बोंबलून राहिलेत."

पण जाताना दोन प्रती बगलेत मारून गेला.

त्याच उन्हाळ्यात शंकरसिंगांनी व्यंकटरावांना नांदेडला बोलावून घेतलं होतं. पुण्याचे एक मोठे प्रकाशक साहसकथांची भली थोरली, देखणी पुस्तकं काढणार होते, प्रत्येकात बारा पानभर रंगीत चित्रं. शंकरसिंगांनी त्यांच्यापाशी व्यंकटरावांचं नाव घातलं होतं. एका पुस्तकाची बारा चित्रं काढून आणा, महालक्ष्म्यांनंतर साहेब नांदेडला येणार आहेत, पसंत पडली तर पुण्यालाच राहून काम करायचं, असं ठरलं. व्यंकटराव परत आले ते बसमधून नव्हे, जणू त्या फुग्यातूनच उतरले.

"शालू, पुण्याला जायाचं बघ. खोली तेच देऊन राहिलेत."

"आन माझा सोमवार?"

सोमवार म्हणजे औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन. लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षांत शालूबाईचा एक सोमवार चुकला नव्हता, बाळंतपणाचे सोडून.

"पुण्यात देव न्हाईत का?" व्यंकटराव हसले.

"असतील. माझा न्हाई तिथं. आन लक्ष्म्या कुठं बसवायच्या? भाड्याच्या खोलीत?"

"लक्ष्म्याच हायेत त्या, जागा करून घेतील."

तेवढ्यावर बोलणं संपलं, कारण व्यंकटरावांच्या मनात ते संपलं होतं. शालूबाईच्या मनात मात्र ते चुलीवरच्या दुधासारखं आतल्या आत वर येत राहिलं. चार महिने मधल्या खोलीत कागद पसरलेले. प्रियदर्शनीनं, म्हणजे त्यांच्या नऊ वर्षांच्या पोरीनं, तिकडून पळायचं नाही. जेवायला तीन हाका मारल्या तरी ओ नाही. शालूबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती देवापुढं बसायची आणि म्हणायची, ह्यांचं चांगलं कर, पण इथंच कर.

तर त्या सकाळी व्यंकटराव लक्ष्म्यांवर टांगायच्या फुलोऱ्याचं सामान आणायला बाजारात गेले होते, पोरगी शाळेत. शालूबाई कागद शोधायला मधल्या खोलीत आली. घरात एक करारच होता म्हणा ना. बिघडलेलं चित्र व्यंकटराव पालथं करून कणगीजवळच्या कोपऱ्यात टाकत, आणि तो पालथा कागद शालूबाईचा. त्यातून डब्यांची झाकणं व्हायची, वह्यांना कव्हरं व्हायची. त्या दिवशी कोपरा रिकामा होता. पण भिंतीकडेला, घडी घातलेल्या धुवट धोतरावर, एक कागद पालथा होता. त्यावर फळी, फळीवर दोन विटा.

भादव्यातल्या दमट हवेनं रंगवलेला कागद कुरळा होतो. म्हणून चित्र पुरं झालं की व्यंकटराव त्याच्या पाठीवरून ओलसर फडकं फिरवत आणि ते असं पालथं दाबून ठेवत. आधीच्या अकरा चित्रांच्या वेळी शालूबाईनं हे पाहिलं होतं. बिघडलेल्या कागदावर कुणी विटा ठेवत नाही, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

तिनं विटा उतरवल्या, फळी बाजूला केली आणि कागद उलटून पाहिला.

एक जहाज किनारा सोडून निघालं होतं. शिडं नुकती भरलेली. पाणी असं हिरवं, की खाली किती खोल आहे ते कळावं, आणि लाटेच्या माथ्यावर पांढरा रंग नुसता हात लावल्यासारखा. कठड्याला टेकून एक तरुण पोरगा पुढं बघत होता. मागं धक्क्यावर एक म्हातारा हात वर करून उभा होता, आणि पोराला त्याचं भान नव्हतं.

चित्र साधारण असतं तर शालूबाईनं ते होतं तसं ठेवून दिलं असतं. ते इतकं सुंदर होतं की तिला खाली ठेववेना. हे बघितल्यावर तो पुण्याचा माणूस ह्यांना सोडतो होय!

"शालूऽ, अगं सारवण वाळून राहिलं, कुठं गेलीस?" शेजारच्या नीलाबाईनं भिंतीपलीकडून हाक दिली.

"कागद बघून राहिले मावशी, रांगोळीसाठी."

"पेंटरच्या घरात कागद बघावा लागतो का? गिरणीत पीठ न्हाई म्हणल्यासारखंच झालं हे!"

शालूबाईनं कागद पालथा केला. पाठ पांढरी स्वच्छ. पालथा कागद माझा, ती स्वतःशी म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, आपलं आपल्याला ऐकू जावं म्हणून. मग रेघा आखल्या, उदबत्ती पेटवली.

पहिलं भोक पडल्यावरही थांबता आलं असतं. एका भोकाचं काय, मागून चिठोरी चिकटवून, वरून रंग लावून व्यंकटरावांनी ते बुजवलं असतं. दहा भोकांवरही थांबता आलं असतं. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस भोकं. तीनदा उदबत्ती बदलावी लागली. आणि तोंडानं तिचं नेहमीचं नाम चालू होतं, हे तिला पुढं सगळ्यात जास्त लागलं. सवयीनं ओठ देवाचं नाव घेत होते आणि हात ते काम करत होता.

व्यंकटराव आले तेव्हा अंगण सारवून वाळलं होतं, आणि शालूबाई व नीलाबाई दोन बाजूंनी कागद धरून ठिपके उमटतात का ते बघत होत्या.

"या पेंटर, बघा," नीलाबाई हसत म्हणाली. "जहाजाची चाळणी केली तुमच्या बायकोनं. आता कुठलं जाऊन राहिलंय ते!"

व्यंकटरावांनी पिशवी खाली ठेवली. कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला. त्यांच्या सदऱ्यावर, मानेवर उन्हाचे बारीक ठिपके पडले.

"हा कोपऱ्यातला न्हाई."

"पालथा होता," शालूबाई म्हणाली. "पालथा म्हणजे माझा. तुमीच ठरवलेलं."

नीलाबाईला काहीतरी उमगलं. "दूध उतू जाईल माझं," म्हणत ती निघून गेली.

शालूबाई वाट बघत होती. ओरडतील, कागद फेकतील, विटांचं विचारतील. विचारलं असतं तर तिला खोटं बोलता आलं नसतं. पण व्यंकटरावांनी कागद हळूच ओट्यावर ठेवला, जसा काही तो अजून ओला होता.

"व्हय. बराबर हाय तुझं," ते म्हणाले. "जाताना सांगून जायाला पायजे होतं मी. चूक माझीच झाली."

"दुसरं काढताल ना?" एवढंच तिनं विचारलं.

"काढतो की. साहेब यायला पाच दिवस हायेत."

त्यातले तीन दिवस महालक्ष्म्यांचे. घरात पुरण, पाहुण्या, सवाष्णी, आरत्या. मुखवटे यंदा फार प्रसन्न दिसतात असं जो तो म्हणाला. मागच्या खोलीत व्यंकटराव तेच जहाज पुन्हा काढत होते. हात घाबरलेला असला की रंग ऐकत नाही. लाट काढायला जावं तर नांगरटीची ढेकळं दिसत. तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्यावर निर्माल्य ओढ्याला न्यायचं होतं. शालूबाईनं भोकं पडलेला कागदही त्यातच घातला. रांगोळीला तो एकदाच वापरला होता. व्यंकटरावांनी पाटीत कागद बघितला आणि म्हणाले, "जाऊ दे. पाण्याचं पाण्यात."

ठरल्या दिवशी व्यंकटराव बारा चित्रं घेऊन नांदेडला गेले, दुसऱ्या दिवशी परत आले. शालूबाईनं पाण्याचा तांब्या दिला. पाय धुऊन झाले, चहा झाला.

"काय म्हणाले?"

"अकरा चित्रं हातात धरून बघितली. लई वेळ. बारावं हातात घेतल्यावर म्हणाले, हे दुसऱ्या कुणी काढलं का?"

"मग?"

"मी म्हणलो, न्हाई, मीच. तर म्हणाले, पुस्तक उघडलं की पहिलं हेच येणार, गिऱ्हाईक ह्याच्यावर ठरवतं."

"मग?"

"मग काय, चहा पिलो आन आलो."

पुण्याचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. शंकरसिंगांची लहान पुस्तकं दोन वर्षं रडतखडत निघाली, मग बंद पडली. शालूबाईला जे हवं होतं ते मिळालं. घर राहिलं, लक्ष्म्यांची जागा राहिली, सोमवार राहिला. औंढ्याला ती खाली वाकून गाभाऱ्यात उतरायची, पिंडीवर हात ठेवायची आणि दर वेळी तेच सांगायची: मी बघितलं होतं, देवा. प्रदक्षिणा वाढवल्या, एका वर्षी चप्पल सोडली, श्रावणभर एकवेळ जेवली. देवाला सगळं सांगून झालं. घरी येऊन भाकरी वाढताना मात्र शब्द फुटत नसे. उद्या सांगू, लेकीच्या परीक्षा होऊ दे, हे जरा खुशीत असले की सांगू. अशीच वर्षं गेली.

१९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा पाट्यांवरचं 'जि. परभणी' पुसून 'जि. हिंगोली' लिहायचं काम व्यंकटरावांना वर्षभर पुरलं. ती त्यांची शेवटची भरभराट. मग फ्लेक्स आले. एका रात्रीत छापून मिळणारे, फोटोसकट. रंगाच्या पाटीला कोण थांबतं? आणि २००५च्या सुमाराला व्यंकटराव पायरी चुकायला लागले, समोरून आलेला माणूस अगदी जवळ आल्यावर ओळखायला लागले. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. उरलेली नजर थेंबांनी धरून ठेवायची, गेलेली परत येत नाही. दिवसातून तीनदा थेंब. शालूबाई ते देवपूजेसारखे टाकायची, वेळ चुकू द्यायची नाही.

२००८च्या पोळ्याला प्रियदर्शनी माहेरी आली. तिचं सासर कळमनुरीचं. माळ्यावर तिला शंकरसिंगांच्या पुस्तकांतलं एक सापडलं, आणि ती ते बापाला मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. व्यंकटरावांना आता समोरचं माणूस म्हणजे नुसता आकार दिसायचा.

"बाबा, ह्या चाच्याला रतनसिंगकाकाच्या मिशा हायेत की!"

"त्याचा डोळा झाकलाय का बघ," व्यंकटराव म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

मग लेकीनं विचारलं, "पुण्याचं काम होणार होतं ना तुमचं? ते काहून राहिलं?"

शालूबाई आत भेंडी चिरत होती. तिची विळी थांबली.

"माझ्या येंधळेपणानं," व्यंकटराव म्हणाले. "चित्र वाळत पालथं ठेवलं आन तुझ्या आईला सांगितलंच न्हाई. तिला बिचारीला काय ठाऊक? तिनं आपली रांगोळी केली. आईला कधी बोल लावू नको हां त्याचा. ती अजून त्या दिवसाचं नाव निघालं की गप होती."

बारा वर्षं तो माणूस ते ओझं आपलं समजून वाहत होता, आणि आता लेकीच्या हाती वारशासारखं देऊन राहिला होता. शालूबाईला ते सहन झालं नाही. तरी लेकीसमोर ती बोलली नाही. दोन दिवसांनी प्रियदर्शनीला बसमध्ये बसवून दिलं, परत आली. व्यंकटराव ओट्यावर बसले होते. दुपारचं ऊन पायापर्यंत आलं होतं. शालूबाई त्यांच्या शेजारी बसली, एरवी ती कधी ओट्यावर शेजारी बसत नसे.

"अवो, मी बघितलं होतं."

"काय?"

"ते चित्र. उलटून बघितलं होतं. विटा मीच उतरवल्या. पुरं झालेलं हाय हे मला ठाऊक होतं. पुण्याला जायाचं नव्हतं मला. म्हणून केलं. तुमची चूक न्हाई. कधीच नव्हती."

व्यंकटरावांनी तिच्याकडं तोंड वळवलं नाही. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला. शालूबाईला वाटलं, आता उठून आत जातील, आणि मग कधी बोलणार नाहीत. ते तिला चाललं असतं.

"बोला ना काही," ती म्हणाली.

"काय बोलू?" ते म्हणाले. "बारा वर्षं मी माझ्यावरच चिडून होतो. आता कुणावर चिडायचं तेसुद्धा नव्यानं शिकावं लागन."

ती रडायला लागली. त्यांनी रडू दिलं, थांब म्हणाले नाहीत. मग कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, "नीट बघितलं होतंस?"

"व्हय."

"मग सांग. कसं होतं?"

"आँ?"

"चित्र. कसं होतं ते सांग. पाच दिवसांत काढलेलं ते वंगाळ चित्रच राहिलंय माझ्या डोक्यात. पहिलं आठवाया जातो तर तेच म्होरं येतं. भोकं पडायच्या आधी ते पुरं झालेलं माझ्याशिवाय तूच बघितलंय. दुसरं कुणी न्हाई."

शालूबाईनं पदरानं तोंड पुसलं. सांगायला लागली. जहाज निघालं होतं. शिडं भरली होती. पाणी हिरवं, खाली काळपट. लाटेवर पांढरं, अगदी थोडं. कठड्याला एक पोरगा.

"कोणत्या हाताला?"

"उजव्या. आपल्या उजव्या. आन मागं म्हातारा, हात वर करून."

व्यंकटरावांची बोटं गुडघ्यावर हलत होती, ब्रश धरल्यासारखी. "व्हय," ते म्हणाले. "म्हातारा होता. बराबर. आन आभाळ? आभाळ कोणतं दिलं होतं मी? सकाळचं का सांजचं?"

शालूबाईनं डोळे मिटले. जहाज दिसलं, पोरगा दिसला, म्हाताऱ्याच्या हाताची बोटंसुद्धा दिसली. आभाळ दिसेना. तिनं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. अंदाजानं काहीतरी सांगता आलं असतं. सांजचं म्हटलं असतं तर त्यांनी सांजचं मानलं असतं, आणि तेच खरं होऊन बसलं असतं.

"मला न्हाई आठवत," ती म्हणाली.

व्यंकटरावांची बोटं थांबली. ऊन ओट्यावर चढलं तसे त्यांनी पाय वर घेतले.

"दुपारचे थेंब राहिले," ते म्हणाले.

शालूबाईनं आत जाऊन बाटली हलवून पाहिली. संपली होती. गावातल्या दुकानात ते थेंब मिळत नसत. तिनं डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत घातली, पाण्याचा तांब्या व्यंकटरावांच्या हाताशी ठेवला, आणि दोनच्या बसनं काचबिंदूचे थेंब आणायला वसमतला निघाली.